क्रिएटिनिन ऐंशी

गोपालचं क्रिएटिनिन ऐंशी आहे, ही बातमी अकोल्याहून अमरावतीला पोचायला दोन तास लागले. एसटीला याहून जास्त लागतात. बातमी आली तेव्हा गोपाल ओसरीवर बसून दुसरी कचोरी खात होता आणि स्वतःच्या प्रकृतीविषयी त्याचं मत अतिशय चांगलं होतं.

शेजारचे शालिकराम काका फाटकातून आत आले. एसटीत चौतीस वर्षं कंट्रोलर म्हणून काढल्यामुळे काकांचा आवाज कायम लाऊडस्पीकरचा. घरात मीठ मागितलं तरी समोरच्या गल्लीतला माणूस उठून उभा राहतो. आज मात्र ते पाय न वाजवता आले, फाटकाची कडी हलक्या हाताने लावली, आणि गोपालच्या हातातल्या कचोरीकडे बराच वेळ पाहत राहिले.

"खाय बाप्पा, खाय," ते म्हणाले. "आता काय पथ्य करतं."

"काय झालं काका?"

"तुले काही वाटून राहिलं का? चक्कर गिक्कर? पायावर सूज?"

"नाही."

"तेच तं. शेवटपर्यंत समजत नाई म्हणते."

मग त्यांनी गोपालच्या आईला, मनकर्णाबाईंना, हाक मारली. काकांची साळी, म्हणजे मेहुणी, अकोल्यात राहते आणि तिचं घर देवीदास मामांच्या घरासमोर आहे. देवीदास मामा म्हणजे प्राजक्ताचे मामा. आणि प्राजक्ता म्हणजे जिच्याशी पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला गोपालचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं. साळीच्या म्हणण्याप्रमाणे मामा सकाळपासून डोक्याला हात लावून बसले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगत होते: पोरगा दिसाले चांगला आहे, पण मूत्रपिंडं गेले, कावीळ आहे, रक्त नाई आन शुगर इतकी कमी की तो उभा कसा राह्यते हेच कोडं आहे.

मनकर्णाबाईंनी गोपालच्या कपाळाला हात लावून पाहिला. गोपालने कचोरी खाली ठेवली. त्याच्या लक्षात आलं, की त्याने पाठवलेलं रक्ताच्या आकड्यांचं टेबल कोणीतरी एकक न बघता वाचलं होतं.

आता ते टेबल. आपल्याकडे हल्ली सोयरीक जुळवताना सिकलसेलचा, म्हणजे आनुवंशिक रक्तदोषाचा, रिपोर्ट मागतात आणि ते शहाणपणाचंच आहे. देवीदास मामांनी मात्र फोनवर सांगितलं होतं, "रक्त काढतच आहा तं सगळंच काढून घ्या." मामांनी तीस वर्षं अकोल्याच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे कंपाउंडर म्हणून काढली होती आणि आता त्यांचं स्वतःचं मेडिकल होतं. त्यामुळे "सगळंच" या शब्दाला वजन होतं. गोपालने सगळंच काढून घेतलं. सिकलसेल नाही, बाकी सगळं उत्तम. तो कागद त्याच दिवशी मोबाइलवर पाठवला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण गोपाल रसायनशास्त्राचा एम. एस्सी. होता आणि पाणी तपासणाऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेत विश्लेषक होता. तो कागद पाहून त्याला शारीरिक त्रास झाला. एका ओळीत दशांशानंतर दोन आकडे, दुसरीत एकही नाही. कुठे मिलिग्रॅम, कुठे ग्रॅम, कुठे नुसतंच टक्के. आणि वर डेसीलिटर! या देशात डेसीलिटर हे माप फक्त रक्तासाठी शिल्लक आहे. दूधवाल्याकडे कोणी पाच डेसीलिटर मागून पाहावं. शिवाय मिलिग्रॅम सांगतो ते वजन. रक्तात पदार्थाचे रेणू किती, हे वजनावरून कळत नाही, कारण कोणाचा रेणू हलका असतो, कोणाचा जड. ते सांगतो मोल. मोल म्हणजे रेणूंचा एक ठरलेला, भलामोठा गठ्ठा. शास्त्रात जगभर तसंच लिहितात, आणि गोपालला वाटलं, सासरी पहिला कागद जातोय तर तो शास्त्रशुद्ध जावा.

म्हणून त्याने रविवारची दुपार घालवून सगळे आकडे वजनातून मोलमध्ये बदलले. साखर अठ्ठ्याऐंशी मिलिग्रॅमची झाली चार पॉइंट नऊ मिलिमोल. मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन शून्य पॉइंट नऊचं झालं ऐंशी मायक्रोमोल. कावीळ दाखवणारं बिलिरुबिन पॉइंट सातचं झालं बारा. हिमोग्लोबिन पंधरावरून नऊ पॉइंट तीनवर आलं. सगळं अचूक. टेबलाला बारीक रेघा, मथळ्याला ठळक अक्षर. प्रत्येक आकड्यासमोर एकक बारीक टायपात लिहिलं होतं. नॉर्मल किती असावं, हा रकाना मात्र त्याने काढून टाकला. वाचणाऱ्याला तेवढं माहीत असतंच. उगाच बुद्धीचा अपमान नको.

अपमान झाला नाही. मामांनी आपल्या बुद्धीने वाचलं. क्रिएटिनिन सव्वाच्या वर गेलं की डॉक्टर गंभीर होतात, हे त्यांना तीस वर्षं माहीत होतं. ऐंशीला काय होतात, हे पाहायची वेळच कधी आली नव्हती.

"फोन कर त्याईले," गोपालचे वडील खुशालराव म्हणाले. जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यापासून ते कोणत्याही कागदाकडे संशयाने पाहत. "आन सरळ बोल. तुह्या कॉलेजातलं बोलू नको."

गोपालने फोन लावला.

"मामा, नमस्कार. मी गोपाल."

"बोलून राहिला? वा! बोलता येते म्हणजे चांगलं आहे."

"मामा, मी ठणठणीत आहे. ते ऐंशी मायक्रोमोल आहे. मिलिग्रॅममध्ये ते शून्य पॉइंट नऊ होतं."

"मंग ऐंशी काहून लिहिलं?"

"ते बरोबर आहे म्हणून."

"आन शून्य पॉइंट नऊ?"

"तेही बरोबर आहे."

"बेटा, तीस वर्षं काढले दवाखान्यात. एका माणसाचे दोन बीपी पाह्यले, दोन आधार कार्ड पाह्यले, दोन बायका पाह्यल्या. दोन क्रिएटिनिन नाई पाह्यले."

गोपालने ठरवलं, सोप्यापासून सुरुवात करावी. "तुम्ही साखर घ्या. चार पॉइंट नऊला अठरानं गुणा."

मामांनी गुणलं. दुकानातल्या कॅल्क्युलेटरची टकटक फोनवर ऐकू आली. "अठ्ठ्याऐंशी!" मामांचा आवाज एकदम खुलला. "अरे, ही तं एकदम फस्ट क्लास शुगर आहे! असं पह्यले नाई सांगा लागे? अठरानं गुणाचं! ठीक. ठीक आहे." आणि त्यांनी फोन ठेवला.

गोपालने घरात सांगितलं, मिटलं. मनकर्णाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. वीस मिनिटांनी मामांचा फोन आला. आवाज पार खोल गेला होता.

"पोट्ट्या, चौदाशे चाळीस."

"काय चौदाशे चाळीस?"

"क्रिएटिनिन. ऐंशी गुणिले अठरा. कावीळ दोनशे सोळा. आन हिमोग्लोबिन एकशे सदुसष्ट, म्हणजे तुह्या अंगात रक्त आहे का नुसता लोखंडाचा कारखाना आहे?"

आता रसायनशास्त्राचा दोष असा, की अठरा फक्त साखरेला चालतात. प्रत्येक पदार्थाच्या रेणूचं वजन वेगळं, म्हणून प्रत्येकाचा गुणक वेगळा. कुठे गुणायचं तर कुठे भागायचं. मायक्रोमोलातलं क्रिएटिनिन अठ्ठ्याऐंशी पॉइंट चारने भागावं लागतं. हे गोपालने समजावलं, आणि समजावताना "मामा, हे अकरावीचं आहे" असं एक वाक्य त्याच्या तोंडून गेलं. ते जायला नको होतं. मामा दहावीनंतर कामाला लागले होते.

"तुमी मोठे शास्त्रज्ञ," मामा एकदम आदरार्थी बोलू लागले, ते फार वाईट लक्षण होतं. "आमी अडाणी. तुमी असं करा, लॅबवाल्याचा जो कागद असन तो पाठवा."

गोपालने तो तत्काळ पाठवला. आधीच पाठवायला हवा होता, हे खुशालरावांनी संध्याकाळपर्यंत चार वेळा सांगितलं. पण आधी पाठवणं आणि नंतर पाठवणं यात फरक असतो. आता मामांच्या हातात एकाच माणसाचे, एकाच दिवसाचे, एकाच रक्ताचे दोन कागद होते आणि त्यातला एकही आकडा दुसऱ्याशी जुळत नव्हता. पहिल्यात माणूस मरणाच्या दारात, दुसऱ्यात पहिलवान. दोन्हींपैकी खरा कोणता? अनुभवी माणूस काय म्हणेल तेच मामा म्हणाले: जो वाईट आहे तो खरा. चांगला नंतर करून आणला.

"खोटा रिपोर्ट," असं शालिकराम काकांच्या साळीकडून कळलं. "रोग असता तं पाहून घेतलं असतं म्हणते. पण खोटेपणा चालत नाई म्हणते."

यात खरी अडचण अशी होती, की मामा म्हणजे नुसते मामा नव्हते. प्राजक्ताची आई लवकर गेली; पोरीचं शिक्षण, दुखणंखुपणं, अकोल्याच्या शाळेतली नोकरी, सगळ्यात मामा उभे राहिले होते. प्राजक्ताने त्या संध्याकाळी फोन करून स्वच्छ सांगितलं.

"मले समजलं तुमचं. मी सातवीले गणित शिकवते. पोट्ट्याईनं एकक लिहिलं नाई तं अर्धा मार्क कापते."

"मी लिहिलं होतं!" गोपाल म्हणाला. एककाला मार्क देणारं जगात कोणीतरी आहे, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं.

"लिहिलं होतं, पण मुंगीएवढं. तुमचाबी पाव मार्क कापला. पण ऐका. मामानं हात धरून आणल्याशिवाय मी साक्षगंधाच्या पाटावर बसत नाई. त्याईचा विश्वास बसला पाह्यजे. माह्या समजण्याचा उपयोग नाई. बारा तारखेच्या आत करा काय कराचं ते."

गोपालने पाव मार्काचा विचार रात्रीवर टाकला आणि कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी वलगावहून पार्बता आत्या आली. तिच्याबरोबर कावीळ उतरवायची माळ होती: कुठल्याशा मुळीच्या तुकड्यांची, डोक्यावर घालायची. ती रोज थोडी खाली सरकत पायापर्यंत आली की कावीळ गेली. गोपालने बिलिरुबिनचा विषय काढून पाहिला. आत्या म्हणाली, "मी तुह्या बापाले खांद्यावर खेळवलं. घाल." त्याने घातली. माळ पहिल्याच दिवशी गळ्यापर्यंत उतरली, याचा आत्याला फार आनंद झाला.

शर्टाच्या आत माळ दडवून गोपाल आधी त्याच पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेला. दोन्ही कागद एकाच रक्ताचे आहेत असं दोन ओळींत लिहून हवं होतं. काउंटरवरच्या मुलीने त्याचं टेबल पाहिलं.

"हा आमचा रिपोर्ट नाही."

"आकडे तुमचेच आहेत. मी फक्त एककं बदलली."

"आमच्या आकड्यांत तुम्ही बदल केला?" ती उभी राहिली. "सर!"

डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी टेबल नीट वाचलं, दोन ठिकाणी मनातल्या मनात भागाकारही केला. "गणित एकदम बरोबर आहे," ते म्हणाले. गोपालने लगेच पेन पुढे केलं. "पण मी गणितावर सही करत नाही. रक्तावर करतो."

मग सरकारी दवाखाना. तिथल्या खिडकीतल्या कारकुनाने अर्जच मागे सरकवला.

"फिटनेस कशासाठी? नोकरी, लायसन आन यात्रा, तीनच फॉर्म आहेत."

"लग्न."

"लग्नाले फिटनेस लागत नाई," कारकून म्हणाला, आणि जरा थांबून, "लागत असता तं माह्यं झालंच नसतं."

नोकरीच्या फॉर्मला कंपनीचं पत्र हवं, लायसनच्या फॉर्मला परिवहन खात्याचा नंबर हवा. यात्रेच्या फॉर्मला फक्त दोन फोटो लागत. गोपालने यात्रेचा भरला. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरने स्टेथोस्कोप लावायला शर्टाची बटणं काढायला सांगितली.

"हे काय?"

"काविळीची माळ."

"कावीळ आहे?"

"नाही."

"मग?"

"आत्या आहे."

डॉक्टरने समजल्यासारखी मान हलवली. त्यालाही आत्या असावी. प्रमाणपत्रावर लिहून मिळालं, की सदर इसम समुद्रसपाटीपासून चौदा हजार फूट उंचीवर पायी चालण्यास योग्य आहे. गोल शिक्का, जांभळी सही. गोपालने तो कागद मोठ्या आशेने अकोल्याला पाठवला. मामांचं उत्तर आलं: "लग्न करून राहिला का डोंगरावर जाऊन राहिला?"

शालिकराम काकांनी सल्ला दिला, की दोन्ही रिपोर्टांची सरासरी काढावी. एसटीत गाडीची वेळ दोन घड्याळांत वेगळी आली की ते तसंच करत. खुशालराव म्हणाले, पोराला फोनपासून दूर ठेवावं. शेवटी मार्ग सुचवला तो प्राजक्ताने, आणि तो इतका सरळ होता की गोपालला तो सुचला नाही यात आश्चर्य नाही.

"अकोल्याले या. मामाच्या ओळखीच्या लॅबमध्ये, मामाच्या डोयासमोर रक्त द्या. अन टेबल बनवू नका."

आठ तारखेला गोपाल उपाशीपोटी पहिल्या एसटीत बसला. उपाशीपोटी माणसाला बडनेऱ्याच्या स्टँडवर आलुबोंड्याचा वास येतो, मूर्तिजापूरला समोशाचा येतो आणि बोरगाव मंजूच्या पुढे सगळ्याचाच येतो. शेजारच्या म्हातारीने त्याला तीनदा शेंगदाणे दिले आणि तीनदा नाही ऐकून शेवटी विचारलं, "उपास आहे का पोरा?" तो म्हणाला, "हो, लग्नासाठी." म्हातारीने हात जोडले. आताच्या काळात इतकं कडक करणारा मुलगा तिने पाहिला नव्हता.

अकोल्याच्या लॅबमध्ये देवीदास मामा आधीच खुर्ची टाकून बसले होते. उंच, पांढरा सदरा, खिशाला तीन पेनं. त्यांनी गोपालकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, त्याच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून आत डोकावलं आणि नर्सला म्हणाले, "याचं काढा. आन माह्यंबी काढा."

"तुमचं कशाला मामा?"

"मापाले माप पाह्यजे. मीबी उपाशीच आलो. मी तब्येतीनं कसा आहो हे मले माईत आहे. माहे आकडे बरोबर आले तं मशीन बरोबर. मंग तुहे पाहू."

गोपाल चकित झाला. ज्ञात नमुन्यावर यंत्र तपासून मगच अज्ञात नमुना तपासणं ही प्रयोगशाळेतली पहिली शिस्त. मामा सहीसही शास्त्रज्ञ होते. असं त्याने मनापासून सांगितलंसुद्धा, पण मामांना ती टिंगल वाटली.

रिपोर्ट यायला दोन तास होते. तोवर दोघं प्राजक्ताच्या वडिलांच्या, पुंजारामजींच्या फुलांच्या दुकानात गेले. शाळेला सुटी असल्याने प्राजक्ता तिथेच होती. तिने काही न बोलता दोन गरम भजी आणि मिरची असलेला कागद गोपालच्या हातात ठेवला. त्या क्षणी तो तिच्याशी दुसऱ्यांदाही साक्षगंध करायला तयार झाला असता. पुंजारामजी खाली बसून झेंडूच्या माळा ओवत होते. या सगळ्या प्रकरणात ते आतापर्यंत एक शब्द बोलले नव्हते.

रिपोर्ट आले. मामांनी आपला आधी उघडला, सगळ्यांकडे पाठ करून वाचला आणि घाईने घडी घालून खिशात टाकला. मग गोपालचा उघडला. क्रिएटिनिन शून्य पॉइंट नऊ. बिलिरुबिन पॉइंट सात. हिमोग्लोबिन पंधरा. मामांनी तो उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"हे तं ठीक आहे," ते म्हणाले. "पण मंग ते ऐंशी कोणाचं व्हतं?"

गोपालने तोंड उघडलं. प्राजक्ताने त्याच्या पायावर पाय दिला.

"मामा, तुमचं क्रिएटिनिन किती आलं?"

"एक पॉइंट एक. नॉर्मल."

तिने फुलांच्या पुड्याच्या कागदावर पेन्सिलने गुणाकार केला. गोपालचे गुणक तिने पाठ करून ठेवले होते. "यायच्या मापानं तुमचं सत्त्याण्णव."

"काय?"

"सत्त्याण्णव. म्हणजे यायच्यापेक्षा तुमीच जास्त बिमार."

मामा झेंडूच्या पोत्यावर बसले. एवढा मोठा माणूस, पण त्यांचा हात आपोआप कमरेकडे गेला आणि ते उजव्या मूत्रपिंडाची चौकशी केल्यासारखे तिथे दाबून पाहू लागले.

तेव्हा पुंजारामजींनी सुई खाली ठेवली.

"देवीदास, हे पोतं मी काय भावानं घेतलं हे नाई इचारत. कशानं घेतलं?"

"किलोनं."

"आन तो गुलाब?"

"शेकड्यानं."

"आता मले सांग, किलोभर झेंडूत फुलं किती?"

"असतीन सव्वाशे-दीडशे."

"शेवंतीत?"

"तीनशेच्या वर."

"आन मोगऱ्याच्या कळ्या?"

"मोजत बसलं तं दिवस जाईन. हजारानं."

"मंग झालं. पोरानं तुले वजन सांगाच्या जागी नग सांगितले. फूल तेच, टोपली तीच. तू झेंडूचा हिशेब मोगऱ्याले लावला आन म्हणून राहिला, टोपलीत भूत आहे."

गोपालला आठवलं, की हीच गोष्ट समजायला त्याला विद्यापीठात एक अख्खं सत्र लागलं होतं आणि त्यातही सत्तर टक्केच मिळाले होते. मामा पोत्यातला एक झेंडू हातात फिरवत होते. मग म्हणाले, "असं सांगितलं असतं तं पह्यल्याच दिवशी समजलं असतं. अकरावीची गोठ काढली नसती तं." गोपालने वाकून त्यांचे पाय धरले. वाकताना शर्टातली माळ बाहेर लोंबली. मामांनी ती पाहिली, पण विचारलं नाही. मोठेपणा म्हणतात तो हा.

निघताना मात्र त्यांनी गोपालला दुकानाच्या मागे नेलं, इकडेतिकडे पाहिलं आणि खिशातली घडी उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. उपाशीपोटी साखर: एकशे अठ्ठ्याण्णव.

"मामा! ही फार आहे."

"हळू बोल. हे तुह्या मापात किती होते?"

"अकरा. पण..."

"अकरा." मामांनी तो आकडा चॉकलेटसारखा तोंडात घोळवला. "अकरा. भल्ली चांगली पद्धत आहे तुही. जगात चालते म्हणते ना?"

"चालते, पण एकशे अठ्ठ्याण्णव म्हणा की अकरा, उपाशीपोटी वाईटच. सहाच्या आत पाहिजे. डॉक्टरकडे जा मामा, आजच."

"जातो, जातो. साक्षगंध होऊ दे. तुह्या मामीले समजलं तं मले आतापासून कारल्याचा रस पाजन." आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "जवाईबापू, पोरीले मी स्वतः हात धरून पाटावर आणतो."

बारा तारखेला अकोल्याच्या मंगल कार्यालयात मामांनी शब्द पाळला. प्राजक्ता पाटावर बसली, गोपाल समोर बसला. बाजूला अमरावतीकर आणि वलगावकर पाहुणे. शालिकराम काका आपल्या आवाजात सांगत होते, की या पोराची मूत्रपिंडं आता एकदम ओके आहेत, आणि ते मांडवाबाहेरच्या रिक्षावाल्यांनाही कळत होतं. मामा तर हवेत होते. ते पंगतीपंगतीत फिरून लोकांना सांगत होते, "माही शुगर पाह्यली का? अकरा! जवाईबापूनं काढून देल्ली. विदेशी मापानं." लोक वा वा करत होते. अकरा ऐकून कोणाला काय वाईट वाटणार?

अंगठ्यांची डबी अजून उघडायची होती. भटजी कुंकू शोधत होते. एवढ्यात माणिकबाई मामी थेट गोपालपुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात गुलाबजामची वाटी होती.

"जवाईबापू, तुमी शिकलेले आहा म्हणून इचारते. यायची शुगर अकरा आली म्हणते. मी चार वर्षापासून चहात साखर बंद केली व्हती, काल चालू केली. आता गुलाबजाम मागून राहिले. अकरा म्हणजे कमीच ना?"

गोपालने वर पाहिलं. मामींच्या खांद्यामागे मामा उभे होते. दोन्ही हात जोडलेले, डोळ्यांत नुसती विनवणी, आणि विनवणीच्या मागे, खोल कुठेतरी, पोरीचा हात अजून आपल्याच हाती आहे अशी बारीकशी आठवण. आयुष्यात गोपालने एकक सोडून आकडा कधी सांगितला नव्हता. पाण्याच्या रिपोर्टात नाही, भाजीच्या यादीत नाही. आणि खोटं बोलता तर त्याला येतच नव्हतं.

"आकडा अगदी बरोबर आहे, मामी," तो म्हणाला.

मामांनी श्वास सोडला.

"एकक अंगठी घातल्यावर सांगतो."

आणि त्याने मामींच्या हातातली वाटी हळूच घेऊन आपल्या पाटामागे सरकवली. मामा वाढप्याकडे वळले, तशी प्राजक्ताने भटजींकडे न पाहता डबी उघडली आणि बोट पुढे केलं.

"मंग लवकर घाला," ती म्हणाली. "मामा दुसरी वाटी आणून राहिले."